सातव्या भागातलं दार

मास्तर, तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होत आली. हे मी बसऱ्याच्या यार्डात, सांधेवाल्याच्या खोपटात बसून लिहितोय. दुपारची वेळ आहे, पुढची गाडी उन्हं कलल्यावर येईल. दारातून नदी दिसते आणि नदीच्या पलीकडे खजुरीच खजुरी. ऊन फार झालं की पाणी आणि आकाश एकच होतं, झाडं मधेच तरंगायला लागतात, आणि मला घडीभर वाटतं की मी सारंगखेड्याला तापीच्या काठावर उभा आहे आणि माझा बाप वरून हाका मारतोय. मग इंजिन शिट्टी देतं आणि मी उठून रुळांचा सांधा धरतो.

पत्र लिहायचं कारण असं झालं. सकाळी रत्नागिरीकडचा एक नवा फिटर आला. म्हणाला, "तुमच्याकडे कादंबऱ्या असतात म्हणे. मी काय वाचू सांगा." आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "परतीचं तिकीट कधीचं आहे?" तो हसायला लागला. म्हणाला, वाचण्याचा आणि तिकिटाचा काय संबंध. त्याला काय सांगू? ते बोलणं माझं नव्हतंच, तुमचं होतं. खांडबारा स्टेशनाच्या तिकिटाच्या खिडकीतून आलेलं.

तुमचं ते कपाट मला आत्ताही दिसतं. खाली कंदिलांच्या काचा, वर झेंडे, आणि मधल्या दोन फळ्यांवर कादंबऱ्या. पातळ पुठ्ठ्याच्या, महिन्याला एक भाग निघणाऱ्या. नावानं तुम्ही एकीलाही हाक मारली नाहीत. भुयाराची, विहिरीची, दोन बहिणींची, बोटीची. माणूस तिकीट मागायला आला की तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "कुठं?" "नंदुरबार." "मग भुयार नको. तू आत शिरशील तोवर नंदुरबार येईल. विहीर घे." आणि सुरतेचा प्रवासी असला की तुमचा चेहरा खुलायचा. "भुयार घेऊन जा. नवापूरला आत शिरशील, सोनगडला दिवा विझेल, व्याऱ्याला वाट सापडेल. सुरतेला उतरलास की तिथल्या मास्तरांकडे दे, गार्ड परत आणील." आणि गार्ड खरंच आणायचा, सुतळीत बांधून, ब्रेकव्हॅनमधून. एकाच पुस्तकाला सुरतेच्या भजीचा वास आणि अमळनेरच्या सरकीची धूळ. आपल्या लाईनवर तेव्हा पुस्तकं माणसांपेक्षा जास्त फिरत होती, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. वीस वर्षांचा होतो, पाय एका जागी ठरत नव्हते, आणि माझं काम होतं जागेवर उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या वळवायचं.

तुम्ही मला एक गोष्ट निक्षून सांगितली होती. मालेचा शेवटचा भाग एकेरी तिकीटवाल्याला द्यायचा नाही. तो परत येणार नाही, भागही येणार नाही, आणि मागे सहा भाग वाचून बसलेला माणूस आयुष्यभर लटकत राहील. दुसरी गोष्ट सांगितली नव्हती, ती मी बघून शिकलो. पुस्तक काढण्याआधी तुम्ही माणसाच्या हाताकडे बघायचात. हातात लग्नाचं सामान असलं तर दोन बहिणी. दवाखान्यातून आलेला असला तर तुम्ही म्हणायचात, "आज नको, आज खिडकीतून बघत जा." मला तेव्हा वाटायचं, मास्तर उगीच भाव खातात. गोष्ट ती गोष्ट, कोणालाही द्यावी.

म्हणून तर त्या दिवशी तसं झालं. तुम्ही जेवायला क्वार्टरमध्ये गेला होतात. ती आली. गावच्या पाटलाची धाकटी सून, चौथीपर्यंत शिकलेली. माहेरी चालली होती. तिच्या नवऱ्याला सगळा मुलूख ओळखत होता, घोड्यांतला मोठा जाणकार. जर्मनांशी लढाई सुरू झाली तेव्हा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लष्कराची माणसं घोडे घ्यायला आली आणि घोड्यांबरोबर त्यालाही घेऊन गेली. इथे, बसऱ्याला. पहिल्यांदा पत्रं आली, मग दीड वर्ष काही नाही. हे सगळं मला माहीत होतं, मास्तर. तरी तिनं विचारलं, "भाऊ, कोणतं चांगलं शे?" आणि मी मोठ्या ऐटीत बोटीचा पहिला भाग तिच्या हातात दिला. का, तर त्या वेळी मला तीच माला सगळ्यांत आवडत होती. तिच्या हाताकडे मी बघितलंच नाही.

बोटीची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. तरुण व्यापारी बोटीवरून जातो, बोट बुडते, सगळे त्याला मेला म्हणतात, एकटी बायको म्हणत नाही. सहा भाग ती दिवा लावून बसते. सहाव्याच्या शेवटच्या ओळीत पहाटे दारावर थाप पडते, बाहेरून तिच्या नावानं हाक येते, आणि आवाज त्याचाच असतो. भाग समाप्त.

एकेक भाग नेत ती सहावा परत घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "भाऊ, सातवा?" मी म्हटलं, बाहेर गेलाय, येईल. दुसऱ्या दिवशी आली. "सातवा उना का?" तिसऱ्या दिवशीही आली. मग ती पुस्तकाचं विचारेनाशी झाली. सुरतेकडून गाडी यायची वेळ झाली की फलाटाच्या टोकाला, चिंचेखाली येऊन उभी राहायची, आणि उतरणाऱ्या एकेकाकडे बघायची. गाडी निघाली की पदर सारखा करून घरी. संध्याकाळच्या त्या तांबूस उन्हात, इंजिनाच्या वाफेत, ती मला त्या कादंबरीतलीच वाटायची. मला ते बघायला आवडत होतं, हे लिहायला लाज वाटते. गोष्ट पानांतून उतरून आपल्या फलाटावर आली आहे आणि ती मी आणली आहे, असं काहीतरी.

मग पाटीलबाबा आले. तुमच्या खोलीत खुर्ची असताना उभेच राहिले. "मास्तर, तुम्हनं पुस्तक बंद करा आते. मन्ही सून रोज गाडीवर येस. दारमा पोऱ्यानी घोडी बांधेल शे, म्हातारी व्हई गयी, या बाजारले इकी टाकतूत, पण ती कोणले हात लावू देस नही. सांगस, धनी येणार शे, थाप पडणार शे. कसानी थाप? कोठून पडी ती थाप?" मग माझ्याकडे वळले. "नी तू रे सांधेवाला. तुन्हा बापनी तुले तिसरीमातीन काढी लिधं, नी तू आठे पुस्तकं वाटी ऱ्हायना." जाताना दारात थांबले. आवाज एकदम खाली आला. "मन्हाबी पोऱ्या शे तो. माले वाट दखता येस नही का? पण मी घोडीले चारा घालस, फलाटवर उभा ऱ्हास नही."

ते गेल्यावर तुम्ही उठून खोलीचं दार लावलंत. मला वाटलं होतं ओरडाल. तुम्ही विचारलंत, "बोट तिला कोणी दिली?" मी म्हटलं, मी. "सातवा कोणाकडे आहे?" मी म्हटलं, "सुरतेच्या एका माणसाला दिला. एकेरी तिकीट होतं." तुम्ही चष्मा काढून पुसलात. "सांधा ओढताना काय बघतोस?" "गाडी कोणती, रूळ कुठला." "आणि पुस्तक देताना?" मी कंदिलाची काच पुसायला घेतली. "गाडी चुकीच्या रुळावर गेली तर निदान आवाज होतो रे," तुम्ही म्हणालात, आणि झेंडा घेऊन बाहेर गेलात.

तेव्हा सातवा भाग माझ्याच खोलीत होता, मास्तर. उशीखाली. सुरतेचा माणूस नव्हताच. तुम्हाला वाटायचं मी भराभर वाचतो, तसं मीच सांगितलेलं. खरं म्हणजे मला एक पान वाचायला अर्धा तास लागायचा, ओळीवर बोट ठेवून, अक्षर न अक्षर जुळवत. सातवा मी कोणालाही न विचारता उचलला होता आणि तीन आठवड्यांत निम्म्यापर्यंतही पोचलो नव्हतो. तुमच्यापुढे ते कबूल करण्यापेक्षा खोटा माणूस सुरतेला पाठवणं सोपं वाटलं.

तुम्ही लाईनवर सगळीकडे विचारलंत. छापखान्याला कार्ड टाकलंत, उत्तर आलं नाही. मग एके दिवशी ती चिंचेखाली उभी होती, गाडी येऊन गेली होती, आणि तुम्ही तिला बाकावर बसायला सांगितलंत. म्हणालात, "सातवा मी वाचलाय. सांगतो." मी सांध्याजवळ उभा होतो. तिथून शब्द ऐकू येत नव्हते. तुमचा हात हलताना दिसत होता, एकदा दार उघडल्यासारखा. मालगाडी आली, अर्धी उतरली, अर्धी भरली, तुम्ही उठला नाहीत. ऊन बाकावरून सरकत रुळांवर गेलं. तुमचं संपल्यावर ती उठली, तुम्हाला वाकून नमस्कार केला आणि माझ्याजवळून घराकडे निघाली. माझ्यापाशी थांबली. रडलेली वाटली नाही. म्हणाली, "तो माणूस खोटा व्हता भाऊ. आवाज काढी उनता, जमीन लुटाले. खरा तर पहिलाच बुडेल व्हता." थोडी चालली, परत वळली. "माले वाटेलच व्हतं. इतला दिनमा आवाज तसाच कसा ऱ्हाई?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठ दिवसांनी आली ती सरळ खिडकीशी. "मास्तर, आते अशी माला सांगा, जेमा कोणी कोणनी वाट दखस नही." तुम्ही हसलात. असं तुम्हाला मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. "अशी एकही नाही बाई. पण विहीर घे. तिथं वाट बघणारा तरी पहिल्याच पानावर मरतो." त्या वर्षीच्या बाजारात घोडी विकली गेली. ती स्वतः सारंगखेड्यापर्यंत गेली होती, असं माझ्या भावानं सांगितलं. दावं सोडताना घोडीच्या कानात काहीतरी बोलली म्हणे.

मग बसऱ्याच्या रेल्वेला माणसं हवीत असा कागद आला आणि मी नाव दिलं. पाय ठरत नव्हते, हे तर होतंच. दुसरं कारण, तिचा नवरा तिकडेच कुठेतरी हरवला होता, हे मी कोणाला बोललो नाही. निघताना माझं तिकीट तुम्हीच फाडलंत. एकेरी. हातात देताना विचारलंत, "माझं काही राहिलंय का तुझ्याकडे?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही माझ्या ट्रंकेकडे बघितलंत. "असलं तरी राहू दे," म्हणालात. आणि वर, "सावकाश वाच." गाडी सुटली, चिंच मागे गेली, आणि मला चिंचपाडा येईपर्यंत समजलंच नाही की तुम्ही काय बोललात. तेच तुमचं शेवटचं दर्शन. पुढच्या पावसाळ्यानंतर मानमोडीच्या तापाची साथ आली आणि खांडबाऱ्यात ज्या घरांतून माणसं गेली त्यांत तुमचं क्वार्टर पहिलं होतं, असं भावानं लिहिलं.

तिनं शेवट सांगितल्यावर तसाच पडून राहिलेला सातवा भाग मी आगबोटीवर संपवला. चारी बाजूंना पाणी, डेकवर माणसं आडवी पडलेली, आणि मी ओळीवर बोट ठेवून वाचतोय. मागची सगळी हकिकत संपते आणि बाई दार उघडते. खोटा माणूस कुठून निघतो याची मी वाट बघत होतो. पान उलटलं, आणखी एक उलटलं. निघालाच नाही. मास्तर, तो खराच होता. दारात तिचाच नवरा उभा होता, हातावर पहिल्या भागातली तीच खूण, आणि पुढची अकरा पानं नुसता आनंद. सगळे घरी येतात, दिवे लागतात, समाप्त. मला वाटलं माझंच वाचायला चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दोन दिवस गेले. अक्षरं तीच राहिली.

दहा वर्षं मी यावर विचार करतोय. ज्या माणसानं एवढ्या मोठ्या लाईनवर कोणाला चुकीचं पुस्तक दिलं नाही, त्यानं एक शेवट खोटा सांगितला. मी भाग चोरला नसता तर तिनं तो स्वतः वाचला असता, आणि ती अजूनही चिंचेखाली उभी असती. म्हणजे माझी चोरी तुमच्या कामाला आली असं म्हणावं, तर बोट तिला दिली होती मीच. हे कोडं माझ्याकडून सुटत नाही. तुम्ही बरोबर केलंत असं मला बहुतेक दिवशी वाटतं. काही दिवशी वाटत नाही, विशेषतः धक्क्याला आगबोट लागते त्या दिवशी.

तुमच्या मागे कपाटातल्या कादंबऱ्या भावानं मला इकडे पाठवल्या, पण फिटरला मी बोट दिली नाही. त्याची बायको बाळंतीण आहे, हातात तिचं पत्र होतं. दोन बहिणी दिली. इथल्या दुसऱ्या कोणी बोट वाचलीच, आणि सातवा मागितला, तर मी म्हणतो भाग हरवलाय, आणि तुम्ही सांगितला तसा तोंडी सांगतो. खोटा माणूस, जमीन, सगळं. आता तर मला तोच जास्त बरा जमतो.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला पत्ता नाही, आणि तिला पाठवायची माझी छाती नाही. सातव्या भागातच ठेवून देतो. एवढं मात्र तुम्हाला सांगितलं पाहिजे. फलाटावर तिनं जे सोडलं, ते मी इथे उचललंय. घोड्यांच्या जुन्या छावणीकडून कोणी आपल्याकडच्या चालीनं येताना दिसला की, पाटलांचा मुलगा तर नव्हे, म्हणून मी सांधा सोडून दोन पावलं पुढे जातो. आणि दार उघडतं त्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवलाय. पुस्तकाचा कोपरा दुमडायचा नसतो, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.