पाहुण्यांसमोर मीच म्हणाले, रफ

झाशी, रविवार

रेवाला पाहायला आलेली पुण्याची मंडळी गेली. उद्या फोन करतील. पण माझ्या डोक्यात फोन नाही, कचोरीची ती बशी आहे.

रेवाने बशी पुढे केली आणि मुलाच्या आईला म्हणाली, "काकू, थोडं और घ्या ना, बडा बाजारातून गरमच आणलंय." त्या हसल्या, त्यांनी हातही पुढे केला. तेवढ्यात मी बोलले, "तिची मराठी जरा रफ आहे हो, इकडची ना!"

कुणी विचारलं होतं मला? आमच्या घराला ही खोडच आहे. महाराष्ट्रातलं कुणी आलं की आधी माफी मागून मोकळं व्हायचं. बशी तिच्या हातात तशीच राहिली.

आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते! रफ रस्ता म्हणजे खडबडीत. रफ माणूस म्हणजे आडदांड. रफ वही म्हणजे कच्ची, वर्ष संपलं की रद्दीत. रेवाने यातला कोणता अर्थ घेतला असेल? मला तरी कोणता म्हणायचा होता?

त्यानंतर ती सगळ्यांशी हिंदीतच बोलली. बशी घासून जागेवर ठेवली. जेवताना मी विचारलं, "पोळी वाढू?"

"नो, थँक यू, मम्मी."

एरवी "आई, और एक दे ना" म्हणत ताट पुढे करणारी पोरगी. आज शब्द इतके गुळगुळीत, की धरायला कुठे जागाच नाही.