गोगलू माझाच

२ जानेवारी, सकाळी
यंदाचा संकल्प एकच. कायदा शिकणे. संध्याकाळच्या कॉलेजात धंदा करणाऱ्यांसाठी कोर्स आहे: आधी नोकरीचा कायदा, मग बौद्धिक संपदेचा. नाव घातलं. पुतण्या म्हणाला, काकू, त्यापेक्षा चांगला वकील लावा. त्याला सांगितलं, वकील लावीन, पण तो माझ्यासमोर चाचरला पाहिजे.
कारण तसंच आहे. कार्टून फिल्म काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आमचा गोगलू हवा आहे. गोगलू म्हणजे शंखाऐवजी दप्तर पाठीवर घेतलेली गोगलगाय. आमच्या प्रत्येक सराववहीच्या पानापानावर तो असतो. दुकानात मुलं वही मागत नाहीत, गोगलू मागतात. करार जूनमध्ये. हा करार झाला की प्रकाशनाला पुढे मरण नाही. झाला नाही तर... पण तसं काही होणार नाही.

८ जानेवारी
पहिला वर्ग. सगळी पोरं. मी पहिल्या बाकावर. शिकवणाऱ्या वकीलबाई फार हळू आवाजात बोलतात, त्यामुळे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.
आजचा धडा: नोकर आणि कंत्राटदार. नोकराला पगारी रजा, आजारपण, नोटीस, सगळं द्यावं लागतं. कंत्राटदाराला काम आणि त्याचं बिल. विषय संपला. हे शिकायला मला कॉलेज कशाला? माझी छपाई बाहेर, बांधणी बाहेर, चित्रकारसुद्धा बिलावर. हात वर करून वर्गाला सांगितलं. वकीलबाईंनी विचारलं, ही चित्रकार बसते कुठे? म्हटलं, माझ्याच ऑफिसात, खिडकीजवळ, दहा ते सहा, कित्येक वर्षं. त्या म्हणाल्या, मग तुम्ही काहीही म्हणा, कोर्ट तिला नोकर म्हणेल. तुम्ही नाव काय दिलंत त्यावर ते ठरत नाही.
वर्ग हसला. मी हसले नाही.

१५ जानेवारी
चित्रकार केबिनमध्ये आली. उजवं मनगट सुजून टम्म. डॉक्टरांनी सहा आठवडे ब्रशला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. विचारलं, ताई, पगारी रजा मिळेल का? आजवर कधी मागितली नाही.
शांतपणे समजावलं की बिलावरच्या माणसाला रजा नसते, सुट्टी असते, आणि ती हवी तेवढी घ्यावी. म्हणाली, बरं. रडारड नाही, वाद नाही. समजूतदार बाई. फक्त ब्रश धुताना मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला. शेवटी मलाच उठून बंद करावा लागला. ती नळासमोर तशीच उभी होती.

२२ जानेवारी
वर्गात कसोट्या शिकवल्या. कामाची वेळ कोण ठरवतं? जागा कोणाची? साधनं कोणाची? दुसरीकडे काम करायची मुभा द्यायची की नाही हे कोण ठरवतं? या चारही प्रश्नांचं उत्तर ‘मालक’ असेल तर तो माणूस नोकर.
सगळं उतरवून घेतलं. ज्ञान वापरलं नाही तर फुकट.

२३ जानेवारी
वापरलं. हजेरीपटातून तिचं नाव काढलं. टेबल गोडाऊनमध्ये टाकलं. ब्रश, रंग, दिवा, सगळं खोक्यात भरून तिच्या घरी रवाना. आता साधनंही तिची, जागाही तिची. हिशेबनीस काका खोक्याला सुतळी बांधताना खाकरले. त्यांना काही बोलायचं असलं की ते आधी खाकरतात. म्हटलं, बोला. म्हणाले, काही नाही, बाई, गोगलूची मूळ चित्रं पण यातच घालू? म्हटलं, घाला, कपाट अडतंय. त्यांनी प्रत्येक चित्रावर पातळ कागद ठेवला. मग घातली.
खिडकीजवळची जागा मोकळी झाली. ऑफिस केवढं मोठं वाटतंय. काकांना म्हटलं, तुम्ही बसा तिथे, उजेड चांगला आहे. म्हणाले, नको. बरं आहे इथंच.

४ फेब्रुवारी
कामगार कार्यालयातून बोलावणं. चित्रकाराने तक्रार केली आहे की ती माझी नोकर आहे आणि तिला रजा द्यावी. मला राग आलेला नाही. दुःख झालं आहे. रागात फक्त पेपरवेट पडला.
पुतण्या म्हणाला, काकू, द्या ना सहा आठवडे आणि मिटवा. म्हटलं, आज एकीला दिली की उद्या सगळे मागतील. म्हणाला, सगळे कोण? एकच तर आहे. म्हटलं, तत्त्वही एकच असतं.

१२ फेब्रुवारी
जानेवारीत संपवलेली तिची शेवटची पानं तिच्या भावाने आणून दिली. काउंटरवर ठेवली आणि पाणीसुद्धा न घेता गेला. रेषा नेहमीसारखीच स्वच्छ. फक्त सगळ्या पानांवर गोगलू पाठमोरा आहे. पहिल्या पानावर जवळ, मग लांब, मग आणखी लांब. शेवटच्या पानावर वाटेवर नुसती ओली रेघ.
नवीन शैली असावी. छापायला दिली. शाई वाचेल.

२६ फेब्रुवारी, दुपारी
सुनावणी. वकील नेला नाही, स्वतः बोलले. अधिकारी वयस्कर, चष्मा कपाळावर. चारही कसोट्या क्रमाने सांगितल्या. वेळ तिची, जागा तिची, साधनं तिची, मुभा पूर्ण. अधिकाऱ्यांनी विचारलं, एकही दिवस ही तुमची नोकर नव्हती? म्हटलं, एकही दिवस नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला. म्हणाले, बाई, घाई नाही. विचार करून सांगा. म्हटलं, विचार करूनच आले आहे. तिचं काम तिचं, मी गिऱ्हाईक.
तोपर्यंत मान खाली घालून बसलेली चित्रकार तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागली. बराच वेळ बघत होती. मग अधिकाऱ्यांना म्हणाली, साहेब, ताई आत्ता जे बोलल्या ते एकदा वाचून दाखवाल? त्यांनी वाचलं. ती म्हणाली, बरोबर लिहिलंय.
हरणाऱ्याने इतकं शांत असू नये. डोकं ठिकाणावर नसावं.

११ मार्च
जिंकले! निकालात स्पष्ट लिहिलंय की चित्रकार स्वतंत्र व्यावसायिक आहे आणि पहिल्यापासून होती. निकालाला चौकट करून खुर्चीमागे टांगला. एक प्रत कार्टूनवाल्या कंपनीला पाठवली. माझ्याकडे कटकटी शिल्लक राहत नाहीत हे त्यांनाही कळू दे.
कार्यालयाच्या जिन्यात चित्रकार भेटली. हाताला पट्टी. म्हणाली, अभिनंदन, ताई. तिच्यावर संस्कार चांगले आहेत.
संध्याकाळी वर्गात निकाल मोठ्याने वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. वकीलबाईंनी वाजवल्या नाहीत. म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून कॉपीराइट. बाई, एकही वर्ग चुकवू नका. माझ्यावर विशेष लक्ष आहे त्यांचं.

८ एप्रिल
कॉपीराइट. सोपा विषय. चित्र ज्याने काढलं त्याचं. नोकराने नोकरीत काढलं तर मालकाचं. बाहेरच्या माणसाने काढलं तर त्याचंच, जोवर तो हक्क लेखी देत नाही. तीन ओळींत संपतं.
मागच्या बाकावरची एक वेणीवाली उठली. म्हणाली, मॅडम, आणि समजा, कोणी स्वतःच जाऊन सिद्ध केलं की चित्रकार आपला नोकर नव्हता, तर? सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनुभवी माणसाचं मत हवं असणार. उठून सांगितलं, असल्या बेसावध माणसाने धंदा करूच नये.
कोणी हसलं नाही. वकीलबाईंनी फळा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत होत्या.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. उकाडा फार.

१५ एप्रिल
शांत डोक्याने विचार केला. गोगलू माझाच. कल्पना कोणाची? मीच तिला म्हटलं होतं, पोरं घाईत अक्षरं बिघडवतात, काहीतरी हळू चालणारं काढ. नाव कोणी ठेवलं? मी. ती तर त्याला नुसतं ‘हा’ म्हणायची.
वर्ग सुटल्यावर वकीलबाईंना सहज विचारलं, एका मैत्रिणीसाठी. म्हणाल्या, कल्पनेवर कॉपीराइट नसतो, काढलेल्या चित्रावर असतो. म्हटलं, आणि नाव? म्हणाल्या, मैत्रिणीने ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय का? म्हटलं, नोंदवायचं कशाला, सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, आजच्या आज त्या चित्रकाराच्या घरी जा.
आज कसं जाणार? बुधवारी गोडाऊनची साफसफाई असते.

२२ एप्रिल
कंपनीकडून फोन नाही. मी केला. तिथल्या मुलीने नाव विचारलं, थांबा म्हणाली, कोणाशी तरी कुजबुजली, आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाली. पुन्हा केला. पुन्हा मीटिंग. मोठ्या कंपन्यांत मीटिंगा फार.

२९ एप्रिल
तसाच फोन. फरक इतकाच की आज नाव विचारलं नाही. आवाजावरून ओळखलं.

६ मे, संध्याकाळी
चित्रकाराकडे गेले. घाबरून नव्हे. माणुसकी म्हणून. सोबत फळं, आणि हक्क लिहून देण्याचा एक साधा कागद.
एकच खोली, पण नेटकी. खिडकीजवळ टेबल, त्यावर मी पाठवलेला दिवा. टेबलावर उष्टे कप बरेच. म्हटलं, पाहुणे आले होते वाटतं. म्हणाली, हो, आत्ताच गेले. बसा ताई.
तब्येतीची चौकशी केली. मग म्हटलं, मी विचार केला, तुला रजा द्यायला हवी होती. पगारी. सहा आठवडे. हवी तर आठ घे. म्हणाली, हात बरा झाला, ताई. बोटं उघडून, मिटून दाखवली. मग कागद पुढे केला. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घडी घालून फळांच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली.
म्हणाली, रजा नाही म्हणालात त्याचं मला काही वाटलं नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पण त्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं. मला वाटत होतं, निदान एखाद्या दिवसाचं तरी तुम्ही हो म्हणाल.
भावुक आहे. कलाकार माणसं अशीच. दोन दिवसांत येईल ताळ्यावर.
जिना उतरताना दिवा नव्हता. भिंत धरून उतरले.

२० मे
नाही आली.
कंपनीचं उत्तर आलं, फार सभ्य भाषेत. तुम्ही पाठवलेल्या निकालाच्या प्रतीमुळे हक्क कोणाचे हे लगेच स्पष्ट झालं, त्याबद्दल आभारी आहोत. गोगलूचा करार चित्रकाराशी पूर्ण झाला आहे.
पाठोपाठ छापखानेवाल्याचा फोन. म्हणाला, बाई, नवीन आवृत्ती मशीनवर चढवली होती, उतरवतो. म्हटलं, कोणाच्या सांगण्यावरून? म्हणाला, कोणाच्या नाही. पण त्या बाईंची परवानगी आणा, मग चढवू. आमच्यावर नसती बिलामत नको. मागे मशीनचा आवाज येत होता. बोलता बोलता तो बंद झाला.
हिशेबनीस काका दारात उभे राहून खाकरले. म्हटलं, आता काय? म्हणाले, दुकानदारांना काय सांगू? म्हटलं, सांगा, गोगलू सुट्टीवर आहे.

२७ मे
गोगलूशिवाय वही काढून बघितली. माझीच रचना. पांढरं पान, ठिपक्यांच्या ओळी, कोपऱ्यात प्रकाशनाचं नाव. अतिशय शिस्तशीर. पुतण्याच्या मुलीला दिली. तिने पानं उलटली, मग वही उलटी धरून झटकली. काही पडत नाही म्हटल्यावर परत दिली.

३ जून
उपाय सापडला! ती माझी नोकरच होती. दहा ते सहा. माझं टेबल, माझा दिवा, माझे ब्रश. हजेरीपटावर तिचं नाव होतं, मीच खोडलं, पण उजेडासमोर धरलं की वाचता येतं. हिशेबनीस काका साक्ष देतील, गोडाऊनमधलं टेबल साक्ष देईल. ती नोकर म्हणजे गोगलू माझा. निकाल चौकटीतून काढला आणि थेट कामगार कार्यालय गाठलं.
तेच अधिकारी. सगळं सांगितलं. म्हटलं, निकाल चुकीचा आहे, मला अपील करायचं आहे. त्यांनी निकाल वाचला. म्हणाले, हा तर तुमच्या बाजूने आहे. म्हटलं, म्हणूनच. त्यांनी चष्मा कपाळावर नेला. म्हणाले, बाई, हरलेल्याला अपील असतं. जिंकलेल्याला नसतं.
म्हटलं, मग मी खोटं बोलले असं लिहून देते. म्हणाले, द्या. पण त्याची केस वेगळी होईल, आणि त्यात तुम्ही आरोपी असाल.
त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

१७ जून
लेखी परीक्षा. फी भरली आहे, तेव्हा गेले. वेणीवालीने स्वतःहून पेन दिलं. माझं उमटत नव्हतं.
पहिला प्रश्न: एका प्रकाशिकेने तिची चित्रकार नोकर नसल्याचं कामगार कार्यालयात सिद्ध केलं. हक्कांबद्दल लेखी काहीही ठरलेलं नव्हतं. चित्रं कोणाची? उत्तर एका शब्दात लिहा.
प्रकाशिकेच्या बाजूने दीड पान लिहिलं. कल्पना तिची, नाव तिचं, दिवा तिचा. पुरवणी मागितली. वकीलबाईंनी ती आणून बाकावर ठेवली आणि पुढे गेल्या नाहीत, शेजारीच उभ्या राहिल्या.
वेळ संपल्याची घंटा झाली. सगळ्यांचे पेपर गोळा झाले, माझा राहिला. मग दीड पानावर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं: चित्रकाराची.