चलनावर दाजींचं नाव

११ एप्रिल ७५, सांगली
हळदीची गाडी सकाळी मुंबईला सोडली. धाकट्या बहिणीचे, सुलीचे, यजमान रजा संपवून पलटणीत निघालेले. एस.टी.ला तोबा गर्दी. म्हटलं, दाजी, पुण्यापर्यंत आपल्याच गाडीतनं जा, केबिनमध्ये ऐसपैस. मालाच्या गाडीत पॅसेंजर दिसला की पोलीस अडवतात, म्हणून गाडीसोबतच्या मालाच्या कागदावर, चलनावर, नेहमीप्रमाणे 'हमाल' म्हणून नाव चढवलं. आम्ही ट्रान्सपोर्टचे सगळेच कारकून चढवतो. सुलीनं धपाटे बांधून दिले. मी थोरला भाऊ म्हणून मिरवून घेतलं.

१२ एप्रिल
साताऱ्याहून ट्रंककॉल. खंबाटकीत ब्रेक गेले, गाडी डोंगराला घासून उलटली. ड्रायव्हर म्हादू खरचटण्यावर सुटला. दाजींचा उजवा पाय...
सुलीला घेऊन मिळेल त्या एस.टी.नं सातारा सिव्हिल. कराडला चहा आणून दिला, तो घेतला नाही.

१४ एप्रिल, सातारा
पाय वाचेल. पलटणीतलं पळणं जमेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत.
मालक आले, मोसंबी घेऊन. व्हरांड्यात माझ्या खांद्यावर हात. "तुजं चलन बगितलं. हुशारी केलीस गड्या! हमाल म्हटल्यावर विमा समदं देतोय, दाजीच्या पायाचं बी. पॅसेंजर म्हटलं की क्लेम खल्लास. गाडी गेली, म्हादूचं लायसन गेलं, आन् तुला तरी मी कुटं ठेवू?"
माणूस वाईट नाही. ही एकच गाडी आहे त्यांची. पण अशी शाबासकी नको होती.

१५ एप्रिल
चलनावर काय लिहिलंय ते दाजींना सांगितलं. छताकडं बघत म्हणाले, "रजेत दुसरीकडं हमाली केली असं वर कळालं तर नाव कापत्यात. अकरा वर्सं झाली. पेन्शनीला चार ऱ्हायली."
सुली : "दादा, तूच बसवलंस न्हवं त्यास्नी गाडीत?"
स्वतःचाच भयंकर राग आलाय. कुणी सांगितलं होतं पुढारपण करायला!

१७ एप्रिल
डोक्यात तेच तेच. खरं सांगितलं तर खोटं चलन केल्याची आपल्या तोंडानं कबुली, मालक बुडणार, म्हादू घरी, मीही घरी, तीन पोरं. खोटं रेटलं तर दाजी... चलन फाडावं, तर दुसरी प्रत पोलिसांकडं.
दुपारी म्हादू येऊन दाजींच्या पायाशी बसला. तासभर. त्यानं शिव्या तरी घालायच्या होत्या मला.

१८ एप्रिल
विम्याचे सर्व्हेअर आले. मद्रासकडचे, सज्जन. मराठी बोलतात, लिहिता येत नाही. खेकसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "यांची जबानी तुम्हीच लिहा, चलनावर अक्षर छान आहे. हे सही करतील."
नाव लिहिलं. गाव लिहिलं. मग साहेबांनी विचारलं, "गाडीत कोण म्हणून होते?"
सुली उठून खिडकीशी गेली. मी दाजींकडं बघितलं. शांतपणे म्हणाले, "लिवा पावणं. तुमी लिवाल त्यो मी."
पेनाला टोपण लावलं. साहेबांना म्हटलं, शाई संपली. ते हसले. उद्या दहाला येतो म्हणाले.
पेन भरलेलं आहे. त्यानंच हे लिहितोय.