एक्कावन्न झाडांचा ड्युटी-चार्ट

७ जुलै २०२४
आज आमच्या इंदिरा नगरच्या पार्कात वृक्षारोपण. एक्कावन्न रोपं. कडुनिंब, अर्जुन, जांभूळ. अध्यक्ष अर्थात मी. बत्तीस वर्षं इकडे उत्तरेत रेल्वेचे पूल सांभाळले, तिथं रोपांचं काय! शेजारचे मिश्राजी म्हणाले, “भाईसाहब, फोटो तो हो गए, पानी कौन देगा?” त्यांना गेटवरचा ड्युटी-चार्ट दाखवला. सतरा घरं, आठवड्याच्या पाळ्या, लॅमिनेशनसकट. आमच्या सौ. विनयानं विचारलं, “अहो, आपलं नाव कुठंय यात?” तिला सिस्टिम कळत नाही. इन्स्पेक्शन करणारा स्वतः पाळी करत नसतो.

१८ ऑक्टोबर
पाऊस जाऊन दोन आठवडे झाले. सकाळी आठला राउंड. माणूस एक नाही, पण रोपांची आळी ओली! म्हणजे लोक माझ्या आधीच पाणी घालून जातात. यालाच शिस्त म्हणतात.
विनया हल्ली पहाटे देवळात जाते. बरंय, तेवढाच व्यायाम.

२ डिसेंबर
एकही झाड मेलेलं नाही. मिश्राजींना मुद्दाम फिरवून दाखवलं.
विनयाच्या तळहातांना घट्टे पडलेत. विचारलं तर हसली. मशीन असताना हातानं धुणं धुते, दुसरं काय.

९ मार्च २०२५
गुडगावहून संपदाचा फोन. आमची लेक मराठीत ऐकते, हिंदीत बोलते. “पापा, मम्मी की साँस फूल रही है. डॉक्टर को दिखाया?” बावीस तारखेची अपॉइंटमेंट घेतली. साठीनंतर दम लागायचाच.

२१ मार्च
उद्या कॉलनीतर्फे माझा सत्कार! नेमकी डॉक्टरांचीच वेळ. विनया आपणहून म्हणाली, “पुढं ढकला. मला सत्कार बघायचाय.” मी नको म्हणणारच होतो. सोमवारी नक्की दाखवायचं.

२२ मार्च
शाल, स्मृतिचिन्ह. चार्टवर वीस मिनिटं बोललो. टाळ्या. पार्कचा माळी आदेश मात्र माझ्याकडे न बघता विनयाकडेच बघत होता. अडाणी आहे.

१७ एप्रिल
तो सोमवार राहिला. पुढचेही राहिले.
पहाटे पावणेसहाला आदेश धावत आला. विनया पार्कच्या नळापाशी पडली होती. शेजारी बादली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बरेच महिने त्रास होत असणार, तुमच्या लक्षात नाही आलं?
देवळातून येताना पाय धुवायला थांबली असेल.

१९ एप्रिल
आदेशला विचारलं, बादली कुणाची. तो खाली बघत म्हणाला, “साहब, माताजी अक्टूबर से पानी दे रही थीं. आधे पेड़ आज, आधे कल. मैं बाल्टी लेता था तो लेने नहीं देती थीं. कहती थीं, साहब को मत बताना, उनका चार्ट झूठा पड़ जाएगा.”
सतरा घरांपैकी कुणीच आलं नव्हतं. एकदाही.

२६ मे
विनयाला घरी आणून तीन आठवडे झाले. जिना बंद, वजन उचलणं बंद. बाहेर लू, भट्टीसारखा वारा. आज तिनं विचारलं, “झाडं कशी आहेत?” सगळी मजेत आहेत म्हणालो. ती गेल्यापासून, म्हणजे हॉस्पिटलात गेल्यापासून, मी पार्कात पाऊल टाकलेलं नाही. आदेशही महिनाभरापासून आजारी आईपाशी गावी गेलाय.
“चार्ट चालतोय म्हणायचा,” ती म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

२७ मे, सकाळी सहा
बादली घेऊन गेलो. हिरवी मोजली. सहा. बाकीच्या काड्या. चौथ्या बादलीनंतर बाकावर बसलो.

सकाळी आठ
विनयाला खरं सांगितलं. सहाच उरलीत म्हणालो. ती म्हणाली, “कोणती?”
मला सांगता येईना. मी फक्त मोजली होती.