मातीला न आलेला

९ डिसें., मंगळ. कडा.
सायकलवर अलिबाग सोडून आठवा दिवस. विशाखापट्टणमचा समुद्र अजून कुठल्या कुठे. दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरांमागे धूळ खाल्ली. मुक्काम रंगनाथकडे. बीडच्या आयटीआयला आम्ही चौघं एका खोलीत राहायचो: मी, हा रंग्या, चकलांब्याचा विष्णू, धारूरचा दत्ता. रंग्या आता कारखान्यात फिटर, पोट सुटलंय. सायकल उचलून बघितली. "साठीला आलास बे! घरात कुणी बोलंना का तुला?"
जेवताना म्हणाला, "दत्त्याकडं जाणार हायेस का?" हो म्हटलं.
दत्ताची आई गेली त्याला सव्वा वर्ष झालं. मी मातीला गेलो नाही, नंतर भेटायलाही नाही. मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या बाईने दोन वर्षं दर सोमवारी एसटीने आम्हा चौघांचा डबा पाठवला होता. तेव्हापासून दत्ता माझा फोन उचलत नाही.

१० डिसें., बुध. चकलांबा.
समोरून वारा, मांड्या गेल्या कामातून. विष्णू शेतातच सापडला. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, म्हणून नवरा-बायकोच कापूस वेचतायत. मीही वेचला. वहिनी हसत होत्या.
विष्णूने झापलं. "आदी धारूरला जायचं व्हतंस. आमचं काय, आमी जित्ते हाव!" निरोप धाडून जाऊ का विचारलं. "भेटाया जाताना सांगून जात्यात व्हय? अन् ह्या चड्डीवर जाऊ नको." स्वतःचा पांढरा पायजमा दिला. त्यात माझ्यासारखे दोन मावतील.

११ डिसें., गुरु. वडवणी.
८५ कि.मी. दिवसभर वाक्यं जुळवली. मुलीचं बाळंतपण होतं. रजा नव्हती. दोन्ही खरं, पण पुढचे चौदा महिने काय करत होतो? आधी आळस केला, मग लाज वाटायला लागली. खरं ते एवढंच.

१२ डिसें., शुक्र. धारूर.
चढावर पायजमा चेनमध्ये अडकला, ग्रीसने माखला. तसाच गेलो. स्टँडजवळ दत्ताचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. तांब्याची तार गुंडाळत होता. वर बघितलं.
"या पाव्हणं."
मी, आणि पाव्हणा!
घरी नेलं, खुर्ची दिली. वहिनींनी शिरा केला. दत्ताने गंध लावलं, टॉवेल-टोपी-नारळ दिला, व्याह्याला करतात तसं सगळं. मी तोंड उघडलं की, "घ्या की अजून थोडा." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. समोर भिंतीवर आईचा फोटो. मला रडू आलं, हातात शिऱ्याची बशी.
वहिनी आत गेल्या. तेव्हा कुठे दत्ता बोलला. "सावडायला समदे सकाळीच आलते. दुपार हुस्तोर थांबिवलं म्या लोकान्ला. म्हनलं, त्यो बीडपत्तुर आला आसंल."
मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "चुकलो रे" म्हणालो. त्याने मान हलवली, पण कशासाठी ते कळलं नाही. चारला निघालो.

१३ डिसें., शनि. अंबाजोगाई.
काल लिहायचं टाळलं ते लिहितो. दत्ता रस्त्यापर्यंत पोचवायला आला होता, सायकल त्यानेच धरलेली. मी बसलो आणि सवयीने बोलून गेलो, "येतो." जीभ चावली. दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, मुकाट निघायचं. लहान पोराला कळतं हे.
दत्ताने हँडल सोडलं नाही. रागावला नाही, हसलाही नाही.
"कवा?"
एवढंच. मी म्हणालो, "सांगतो." तो दुकानाकडे वळला. मी पायडल मारलं.
सांगतो! सव्वा वर्षाने दारात उभा राहून वर आणखी सांगतो! चिडलोय स्वतःवर.
सकाळी सहाला निघायचं होतं, निघालो नाही. नकाशात पुढे समुद्र अजून वीस दिवसांवर, मागे धारूर चाळीसेक कि.मी. आता अकरा वाजलेत. सायकल लॉजच्या खाली काढून ठेवलीय, धारूरच्या बाजूला तोंड करून.