रिमोट तुमच्या खिशात होता

अण्णा,

रविवारी मी बैठकीतला टीव्ही रिमोटशिवाय लावला. तुम्हाला राग येईल, येऊ द्या. आता फोनमधलं चित्र उचलून टीव्हीवर टाकता येतं. दोन्ही घरातल्या एकाच वायफायवर असले की झालं. फोनवरच्या एका खुणेवर बोट ठेवायचं, टीव्हीचं नाव दिसलं की दाबायचं. कुणाला विचारावं लागत नाही. तुमचा लेक, माझा भाऊ, तुमच्या माघारी वारंगा फाट्यावरचं तुमचं टायरचं दुकान चालवतो आणि जाताना तुमच्यासारखाच रिमोट शर्टाच्या खिशात घालून नेतो. वाण नाही पण गुण लागला म्हणावं, तर वाणही तुमचाच. मी म्हटलं, नेऊ दे.

तुमचा तो रिमोट मला अजून दिसतो. पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळलेला, वरून रबर लावलेला. कळमनुरीच्या बाजारात, लग्नात, मयतीला, कुठंही गेलात तरी तो वरच्या खिशातून डोकं काढून असायचा. टीव्हीवरची बटणं तुम्ही लॉक करून ठेवली होती, खालचा लाल दिवा तेवढा जळायचा. तुम्ही खुर्चीत बसून लावाल ते आम्ही बघायचं, आणि मायनं स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत नुसतं ऐकायचं. लोक हसायचे, "पोरीपेक्षा रिमोटला जपतो" म्हणायचे. मी त्यांच्याशी भांडायचे. तेव्हा मी तुमच्या बाजूची होते.

मग ती खो-खोची फायनल. मी नववीत होते. तालुक्याला आमची शाळा पहिली आली आणि केबलवाल्यानं सगळा सामना कॅसेटवर उतरवून घेतला. दोन दिवसांनी संध्याकाळी सातला तो केबलवर दाखवणार होते. मायनं मला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं, कारण "बायामाणसांचं तिथं काय काम" म्हणून तुम्ही तिला ग्राउंडवर येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं पाच वाजताच भाकरी थापून घेतल्या, धुतलेलं लुगडं नेसली आणि दारातून उठून पहिल्यांदा टीव्हीसमोर सतरंजीवर येऊन बसली. साडेसहाला तुम्ही चपला घातल्या. मी म्हटलं, "अण्णा, रिमोट तरी ठेवून जा." तुम्ही मागं न बघता बोललात, "ग्राउंडवर खेळली तेवढं बास झालं. आता घराघरात दिसायचं काहून?" शेजारी जाऊन बघणं तुम्हाला चाललं नसतं. आम्ही दोघी त्या लाल दिव्याकडं बघत बसलो. शेजारच्या घरातून बँडची धून ऐकू येते, केबलवाल्यानं ती सामन्यावर चढवलेली. माय म्हणते, "जाऊ दे लेकरा, मला ऐकायची सवय हाय." पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेचा फॉर्म आला, त्यावर तुम्ही सही केली नाही. बिनसहीचा फॉर्म मी शाळेत परत नेऊन दिला. आज बोलते. चुकलात तुम्ही, साफ चुकलात.

आता मी शाळेत खेळच शिकवते. पोरींचे सामने फोनवर घेते आणि पालकसभेला वर्गातल्या टीव्हीवर टाकते. मागं एक बाप म्हणाला, "म्याडम, हे सगळ्याला दाखवून राहिले काहून?" मी म्हटलं, "तुमचीच पोरगी हाय, बघा." आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तर गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एकीला ती जुनी कॅसेट सापडली. तिनं ती कुठूनतरी फोनवर उतरवून घेतली आणि सगळ्यांना पाठवली. मी न बघता तशीच ठेवली आणि रविवारी घरी गेले. मायला तुमच्या खुर्चीत बसवलं. "त्या खुर्चीत न्हाई गं," ती म्हणाली. "बस," मी म्हटलं. टीव्हीचा लाल दिवा जळतच होता. मी बोट ठेवलं आणि तीच बँडची धून लागली. मायनं चष्मा पुसून घातला. "ती दोन वेण्यांची कोणती?" "मीच की." पडद्यावर मी खांबाला वळसा घालून झेप घेतली, समोरची बाद झाली आणि कॅमेरा लोकांकडं वळला. माय एकदम म्हणाली, "थांबव! ते कोण हाय?"

रसवंतीच्या गाड्याजवळ तुम्ही उभे होतात. चेहरा पुसट, पण वरच्या खिशात पॉलिथिन. खिशात रिमोट घेऊन फिरणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता. दोन्ही हात वर, तोंड भरून ओरडताय, आवाज मात्र बँडचा. पुढच्याच क्षणी कॅमेरा आपल्यावर आहे हे तुम्हाला कळतं आणि तुम्ही खिशातली दस्ती काढून तोंड झाकता.

"त्या दिवशी मला म्हणले, टायर आणायला नांदेडला चाललो," माय म्हणाली. मग म्हणाली, "लबाड!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

म्हणजे घराघरात मी दिसेन याची नव्हे, तुम्ही दिसाल याची तुम्हाला लाज होती. पोरीला खेळायला पाठवणं पसंत नाही म्हणून गल्लीभर सांगत फिरणारा माणूस तिच्यासाठी घसा फोडताना दिसला असता. गल्लीचे टीव्ही तुमच्या हातात नव्हते, आपला तेवढा होता. हे कळल्यावर माझा राग उतरेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तो वाढलाय. ज्याला माझा खेळ कळतच नव्हता त्याला मी केव्हाच माफ केलं असतं. हात वर करून ओरडणाऱ्यानं सही का केली नाही, याचं उत्तर मला अजून पाहिजे.

तेवढ्यात भाऊ आला. खिसा चाचपून म्हणाला, "रिमोट तर माझ्यापाशी हाय, मग हे लागलं कसं?" माय खुर्चीतून हलली नाही. "तुझा रिमोट ठेव तुझ्यापाशी," ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातातून घेऊन कुठं दाबायचं ते विचारू लागली.

हे पत्र मी स्कोअरशीटच्या पाठीवर लिहिलंय. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. घडी करून खिशात घातलं असतं तुम्ही आणि वाचल्याचं कुणाला कळू दिलं नसतं. फक्त एक सांगायचं राहिलं. ती झेप मी त्या रविवारी आणखी तीनदा मागं नेऊन लावली. मायला सांगितलं, माझा खांबाचा वळसा नीट बघ. मी स्वतः तिन्ही वेळा रसवंतीच्या गाड्याकडंच बघत होते.