बगळ्यांच्या पुढे

मुळगाव, गुरुवार, दिवेलागणीला

चित्र आजही पुरं झालं नाही. दुपारी वाटलं होतं, झालं एकदाचं. आमचं शेत, पूर्वी पेरणीच्या दिवसांत दिसायचं तसं पाण्याने भरलेलं, आणि त्यात सात बगळे. खाणीची लाल माती येऊन बसल्यापासून तिथे काही पिकत नाही, बगळासुद्धा फिरकत नाही. पण पांढरा पक्षी म्हणजे शांती, हे मीच शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. घातले बगळे.

संध्याकाळी बाबा बाहेर आले. हल्ली ते फारसं बोलत नाहीत. चित्राजवळ वाकून एकेका बगळ्यावर बोट ठेवलं. ओला पांढरा रंग बोटाला लागला. मग बगळ्यांपुढच्या मोकळ्या पाण्यावर बोट फिरवत काहीतरी शोधत राहिले.

"काय सोदतास, बाबा?"

"बगळे आसत, मगे मी खंय?"

बगळे आहेत, मग ते स्वतः कुठे, असं विचारत होते; मला कळायलाच वेळ लागला. बगळे जोतामागून चालायचे, उलटलेल्या मातीतले किडे टिपत. पुढे बैल आणि बाबा नसताना ते आमच्या शेतात उतरायचेच कशाला? बांधावर बसून हे रोज बघितलं, तरी विसरलो? शांती म्हणे!

बाबा आत जाऊन बसलेत. बोटाचा रंग पुसूनही देत नाहीत.

आता त्यांना चित्रात घ्यायला बसलोय. बैल जमले, जोतही जमलं. पण तेव्हा बाबांची पाठ कशी दिसायची, काही केल्या आठवत नाही. मी बांधावरून बगळेच बघत होतो.